उन्हाळ्याच्या सुट्टीत एक प्रोग्राम पूर्ण करा: कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचं नियोजन

शेवटचा पेपर झाला की पहिल्या आठवड्यात बहुतेक मुलं-मुली तीन-चार ऑनलाइन कोर्सना नाव नोंदवतात. एक वेब डेव्हलपमेंटचा, एक मशीन लर्निंगचा, एक क्लाउडचा आणि मित्राने सुचवला म्हणून सायबर सिक्युरिटीचा. कॉलेज उघडतं तेव्हा चारही कोर्स पहिल्या काही धड्यांतच अडकलेले असतात. मुलं आळशी असतात म्हणून असं होत नाही. कोर्स पाहताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कोरी फाइल उघडली की हात थांबतो, हे त्यामागचं खरं कारण. थांबलेला हात पुढचा व्हिडिओ पाहून चालत नाही.

म्हणून या सुट्टीसाठी माझं सांगणं एकच आहे. एक छोटा प्रोग्राम लिहा आणि तो तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाच्या रोजच्या वापरात येईपर्यंत सोडू नका. बाकीच्या गोष्टी, म्हणजे प्रश्न सोडवण्याचा सराव, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भर घालणं), इंटर्नशिपचे अर्ज, या कामाच्या आजूबाजूला बसवा. इंजिनिअरिंग, बीएस्सी, बीसीए, एमसीए किंवा डिप्लोमा, कुठेही शिकत असलात तरी हे जमण्यासारखं आहे.

हातात किती तास आहेत ते आधी पाहा

आपल्याकडे सुट्टी कधी सुरू होईल हे विद्यापीठाच्या वेळापत्रकावर ठरतं. कुणाची परीक्षा मेच्या सुरुवातीला संपते, कुणाची जूनमध्ये रेंगाळते. मे महिना लग्नसराईचा. घरी शेती असेल तर मृग लागल्यावर पेरणीच्या दिवसांत तुमची घरच्यांना गरज असते, आणि ती असणारच. हे सगळं कॅलेंडरवर आधीच मांडा आणि उरलेले दिवस धरा.

साधारण सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, दिवसाचे चार तास, असे १२० तास होतात. यातले ८० तास प्रोग्रामला द्या, २५ तास अल्गोरिदमच्या प्रश्नांना आणि उरलेले १५ तास अर्ज, ईमेल आणि वाचनाला. दिवसाचे दहा तास बसायचं ठरवणारे चौथ्या दिवशी दमतात. सकाळी सहा ते दहा ही वेळ सगळ्यात चांगली. ऊन चढायच्या आत काम होतं आणि घरातली वर्दळही कमी असते.

गावी वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं संपूर्ण अधिकृत दस्तऐवजीकरण अधिकृत संकेतस्थळावरून एकगठ्ठा उतरवून घेता येतं. हॉस्टेल सोडण्याआधी तिथल्या वायफायवर ते उतरवा. एमआयटीची ‘मिसिंग सेमिस्टर’ नावाची मोफत व्याख्यानमाला आहे. टर्मिनल (आज्ञा टाइप करून संगणक चालवायची खिडकी), गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन), डीबगिंग (चुका शोधणं) अशा कॉलेजात कुणी वेगळ्या न शिकवणाऱ्या गोष्टी त्यात आहेत. तिच्या नोट्सही घेऊन ठेवा. इंग्रजी व्याख्यानं जड जात असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथन, लिनक्स, सी यांसारख्या विषयांचे अनेक धडे मराठी आवाजात मिळतात.

लॅपटॉप नसला तरी काम अडत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारावरून बसवलं की पायथन, गिट आणि एसक्यूलाइट (पुढे लागणारा छोटा डेटाबेस) तिन्ही चालतात. सोबत एक साधा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. घरात चार जीबी रॅमचा जुना संगणक पडून असेल तर त्यावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाका. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता आली तर तो पुष्कळ वेगात चालतो.

पहिला आठवडा: वही शोधा

प्रोजेक्टचा विषय इंटरनेटवर शोधू नका. तिथे सगळ्यांना त्याच दहा कल्पना मिळतात. आजूबाजूला अजून वहीवर कोण काम करतं ते पाहा. मेसच्या काकू महिन्याचे खाडे वहीत लिहितात. क्लासवाले सर फीचे हप्ते रजिस्टरमध्ये टिपतात. कृषी सेवा केंद्रात उधारीची वही असते, बचत गटात मासिक बचतीची आणि अंतर्गत कर्जाची. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात दाखल नोंदवही आणि देवघेवीचं रजिस्टर असतं.

पहिल्या प्रयत्नाला वाचनालय निवडा असं मी सुचवेन. बचत गटाच्या हिशेबात दहा रुपयांची चूकही गटातल्या बायकांच्या विश्वासाला धक्का देते, म्हणून ते काम दुसऱ्या खेपेला घ्यावं. वाचनालयात चूक झाली तर पुस्तक कपाटात असतंच, ते शोधता येतं. शिवाय महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं लहान गावांतही आढळतात. ड वर्गाच्या वाचनालयात बहुतेक वेळा एकच ग्रंथपाल असतात आणि सगळं काम त्यांनाच करावं लागतं.

तिथे जाऊन लगेच लॅपटॉप उघडू नका. दोन संध्याकाळी नुसतं बसा. ग्रंथपालांना विचारा, “सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?” तुम्हाला वाटेल की पुस्तक शोधण्यात. उत्तर बहुधा वेगळं येतं. कोणाची मुदत उलटली हे काढण्यात, वार्षिक अहवालासाठी बेरजा करण्यात, किंवा सभासदाची वर्गणी कधी संपते हे पाहण्यात. ज्या कामात त्यांचा वेळ जातो, तेवढंच तुमच्या प्रोग्रामने आधी करावं.

याच आठवड्यात एक प्रामाणिक तपासणीही करा. ग्रंथालयांसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालयही आहे. मोठ्या वाचनालयाला यातलंच एखादं योग्य ठरेल आणि तसं असेल तर ते बसवून देणं, जुनी नोंद त्यात भरून देणं हेसुद्धा चांगलं सुट्टीचं काम आहे. हजार-दोन हजार पुस्तकांच्या, एका संगणकाच्या वाचनालयाला मात्र कोहा जड पडतो, कारण त्याला सर्व्हर सांभाळणारं कुणी लागतं. आधी काय उपलब्ध आहे ते पाहून मग लिहायला घेणं ही सवय नोकरीतही रोज उपयोगी पडते.

दुसरा आठवडा: तीन तक्ते आणि अडचणीच्या नोंदी

डेटाबेससाठी एसक्यूलाइट घ्या. तो २००० सालापासून आहे, सार्वजनिक मालकीचा आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. एकमेकांशी जोडलेले बदल एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) गुंडाळून लिहिले तर मध्येच वीज गेली तरी अर्धवट नोंद फाइलमध्ये उरत नाही. आपल्या गावांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. भाषा पायथन ठेवा.

तक्ते तीनच करा: पुस्तकं, सभासद, देवघेव. पुस्तकांच्या तक्त्यात प्रत्येक प्रतीची वेगळी ओळ आणि दाखल अंक (दाखल नोंदवहीत त्या प्रतीला मिळालेला क्रमांक) ही तिची ओळख. एकाच कादंबरीच्या दोन प्रती असतील तर दोन ओळी. देवघेवीत नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख असे दोन रकाने. पुस्तक परत आलं की ओळ पुसायची नाही, दुसरी तारीख भरायची. ती तारीख रिकामी असलेल्या ओळी म्हणजे आज बाहेर असलेली पुस्तकं. वर्षभराचा अहवाल याच न पुसलेल्या ओळींतून आपोआप निघतो.

यानंतर वहीतल्या विचित्र नोंदी समोर येतात आणि खरं शिक्षण तिथे होतं. आजोबांच्या नावावर नात पुस्तक नेते. एखादं पुस्तक हरवलं, सभासदाने किंमत भरली, पण दाखल अंक तसाच राहिला. दिवाळी अंकांची योजना वेगळी, तिची वर्गणी वेगळी, आणि अंक ठेवायची मुदत पुस्तकापेक्षा कमी. मासिकांना दाखल अंकच नाही. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या तक्त्यांना प्रश्न विचारते. सगळ्यांची उत्तरं पहिल्या आवृत्तीत देऊ नका. यादी करा, ग्रंथपालांसोबत बसून पहिल्या दोन निवडा, बाकीच्या वहीतच राहू द्या.

डेटाबेसच्या पेपरात नॉर्मलायझेशनवर (तीच माहिती पुन्हापुन्हा न साठवता तक्ते विभागण्यावर) आठ मार्कांचा प्रश्न येतो. तो पाठ करण्यापेक्षा, लेखकाचं नाव पुस्तकाच्याच ओळीत ठेवलं तर काय अडतं हे शंभर पुस्तकं भरून पाहा. एकाच लेखकाचं नाव कुठे आद्याक्षरांनंतर टिंब देऊन, कुठे टिंबाशिवाय, कुठे आडनाव आधी असं लिहिलेलं सापडेल, आणि त्या लेखकाची सगळी पुस्तकं मागितली की निम्मीच येतील. लेखकांचा चौथा तक्ता का हवा, हे मग कुणी सांगावं लागत नाही.

मराठी अक्षरं: इथे जास्त वेळ द्या

हा भाग इंग्रजी कोर्समध्ये बहुधा मिळत नाही, आणि आपल्या लोकांसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. म्हणून तिसऱ्या आठवड्याचा मोठा भाग याला द्या.

सुरुवात एका लहान प्रयोगाने करा. पायथनला ‘क्षमा’ या शब्दाची लांबी विचारा. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, उत्तर ५ येतं. क, हलन्त, ष, म आणि काना हे पाच वेगळे संकेत आहेत. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) त्यातला प्रत्येक तीन बाइट घेतो, म्हणजे हा शब्द डिस्कवर १५ बाइटचा होतो. पुस्तकाचं नाव तीस ‘अक्षरांत’ कापून दाखवायचं ठरवलंत तर एखाद्या नावाचा शेवट लोंबत्या हलन्तावर होतो, तो यामुळेच.

मग शोध. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकसंध संकेत म्हणून, किंवा अ आणि त्यावर चंद्र असे दोन संकेत जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचं (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना संकेत ठरवून देणाऱ्या मानकाचं) प्रमाणित रूपांतर केलं तरी ते एक होत नाहीत. तसंच ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्या. कुणाच्या कीबोर्डवरून तो नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने येतो, कुणाच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडसंकेत अशा तिघांतून. ग्रंथपालांनी एका तऱ्हेने भरलं आणि तुम्ही दुसऱ्या तऱ्हेने शोधलंत तर समोर असलेलं पुस्तक ‘सापडत नाही’.

यावरचा उपाय असा. शीर्षकासाठी दोन रकाने ठेवा. एकात जसं लिहिलं तसं, दाखवण्यासाठी. दुसऱ्यात त्याचं एकसारखं केलेलं रूप, फक्त शोधासाठी. हे रूप बनवणारं एक छोटं फंक्शन लिहा: सगळे ॲ एका रूपात आणा, सगळे ऱ्य एका रूपात आणा, जादाच्या मोकळ्या जागा काढा, आणि दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा. शेवटची पायरी विसरू नका. घाईत ‘कविता’ची ‘कवीता’ होतेच, आणि शोधाने शुद्धलेखनाची परीक्षा घेऊ नये. सभासदाने टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या.

आकड्यांचंही तसंच आहे. पायथनला ‘१२’ हा मराठी अंक दिलात तर तो गुपचूप बारा समजतो. एसक्यूलाइट समजत नाही, मराठी अंकांच्या मजकुराचा आकडा करायला सांगितला तर शून्य देतो. दाखल अंक आत जाताना एकाच पद्धतीत बदलून घ्या.

आता क्रम. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. त्यामुळे नुसत्या संकेतांच्या क्रमाने आडनावं लावलीत तर काळे हे कावळे आणि कासारांच्या आधी बसतात, आणि ग्रंथपाल लगेच म्हणतात, “हे चुकलंय.” क्षीरसागर कुठे बसवायचे हा आणखी एक प्रश्न. वर्णमालेत क्ष शेवटी आहे, पण अनेक कोश त्याला क च्या जोडाक्षरांत घेतात. इथे तुमचं मत चालवू नका, वाचनालयाच्या कार्डांवर आज जो क्रम आहे तोच ठेवा. भाषेनुसार क्रम लावणारी आयसीयू नावाची तयार लायब्ररी आहे. ती वापरून यादी काढा, कागदावर छापा आणि ग्रंथपालांकडून लाल पेनाने तपासून घ्या.

एखादी जुनी यादी आधीपासून संगणकावर असेल तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. फाँट बदलला की तिथे निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकं आहेत, पण जोडाक्षरांत आणि रफारात ती चुकतात. रूपांतरानंतर काही पानं मूळ छापील यादीशी डोळ्यांनी ताडून पाहा.

मोठ्या कंपन्यांची उत्पादनंही या बाबतीत ठेचकाळतात. एका सुट्टीत ज्याने हे प्रश्न हाताने सोडवले, त्याच्याकडे मुलाखतीत बोलण्यासारखं बरंच काही असतं.

गिट पहिल्या दिवसापासून

लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) कामासाठी गिट लिहिलं. आज जवळजवळ सगळ्या टीम तेच वापरतात. प्रोजेक्ट पूर्ण झाल्यावर एकदाच गिटहबवर (गिटमधला कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) चढवायचा, ही कॉलेजातली पद्धत सोडा. पहिली रिकामी फाइल केली तेव्हाच गिट सुरू करा आणि प्रत्येक छोट्या पूर्ण बदलाला एक नोंद करा. नोंदीत ‘बदल’ किंवा ‘अपडेट’ असं लिहू नका. ‘मुदत उलटलेल्यांच्या यादीतून परत आलेली पुस्तकं वगळली’ असं लिहा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर असलेली डेटाबेसची फाइल गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नका. गिटने काय वगळायचं ते सांगणाऱ्या ‘गिटइग्नोर’ फाइलमध्ये तिचं नाव आधी टाका, मगच पहिली नोंद करा. एकदा गेलेली फाइल नंतर पुसली तरी इतिहासात राहते. सरावासाठी काल्पनिक नावांचा वेगळा डेटाबेस बनवा.

एआयची मदत किती घ्यायची

हा प्रश्न आज टाळता येत नाही. चॅटबॉटला सांगितलं तर वाचनालयाचा अख्खा प्रोग्राम तो मिनिटभरात लिहून देतो, आणि तो बऱ्यापैकी चालतोही. पण ही सुट्टी प्रोग्राम मिळवण्यासाठी नसून तुम्ही प्रोग्रामर होण्यासाठी आहे. म्हणून माझा नियम कडक आहे. पहिले दोन आठवडे कोड स्वतः टाइप करा. एरर समजली नाही तर तिचा अर्थ विचारा, दुरुस्त केलेला कोड मागू नका. तिसऱ्या आठवड्यापासून मदत घ्या, पण जी ओळ तुम्हाला शेजारच्या मित्राला समजावता येत नाही ती फाइलमध्ये ठेवू नका. वरचं मराठी रूप एकसारखं करणारं फंक्शन तर स्वतःच लिहा. आणि सभासदांची खरी माहिती कुठल्याही चॅटबॉटमध्ये चिकटवू नका.

चौथा ते सहावा आठवडा: वापरात आणा

ग्रंथपालांना टर्मिनल दाखवू नका. फ्लास्क ही पायथनची वेब पानं बनवायची लायब्ररी वापरून त्याच संगणकावर चालणारं साधं पान करा. त्यात तीनच मोठी बटणं ठेवा: पुस्तक दिलं, पुस्तक परत आलं, मुदत उलटलेले. इंटरनेट नसतानाही ते चाललं पाहिजे. दाखल अंक टाकून एंटर मारला की काम झालं पाहिजे. माउस लागला तर वहीच जास्त सोपी वाटते.

सगळी पुस्तकं एकदम भरायला बसू नका. आज जे पुस्तक बाहेर जातंय तेच भरा. रोज वाचली जाणारी पुस्तकं काही दिवसांत आपोआप आत येतात, धूळ खाणारी नंतर.

दोन आठवडे वही आणि प्रोग्राम दोन्ही सोबत चालू द्या आणि रोज संध्याकाळी ताडून पाहा. या काळात ग्रंथपालांच्या मागे उभं राहून न बोलता पाहा. त्या कुठे थांबतात, कुठलं बटण चुकीचं दाबतात, कशासाठी पुन्हा वही उघडतात. त्यांची चूक झाली तर ती तुमच्या पानाची चूक समजा आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणा. हे निरीक्षण कुठलाही कोर्स देत नाही.

बॅकअपची सोय करा. प्रोग्राम चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका, एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरा. रोज बंद करताना तारखेच्या नावाने एक प्रत पेन ड्राइव्हवर जाऊ द्या. मग मूळ फाइल बाजूला ठेवून त्या प्रतीवरून सगळं परत उभं करून पाहा. परत उभी करून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखी.

शेवटी मराठीत एक पान लिहून भिंतीवर लावा: सुरू कसं करायचं, बंद कसं करायचं, अडलं तर काय. गिटहबवर इंग्रजीत वेगळं माहितीपान लिहा: कुणासाठी, कोणता प्रश्न, तक्ते असे का, काय अजून जमलेलं नाही. मुलाखत घेणारा आधी तेच वाचतो.

रोजचा जवळपास एक तास प्रश्नांना

प्लेसमेंटची पहिली चाळणी अल्गोरिदमच्या प्रश्नांचीच असते, म्हणून याकडे पाठ फिरवू नका. सीएसईएस या संकेतस्थळावर विषयवार मांडलेला मोफत प्रश्नसंच आहे. नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी. एक प्रश्न कागदावर पंचेचाळीस मिनिटं झुंजा. नाही सुटला तर उत्तर वाचा, पण कोड तेव्हा लिहू नका. दुसऱ्या दिवशी न पाहता लिहा. दिवसाला दहा प्रश्न पाहण्यापेक्षा एक असा सोडवलेला बरा.

स्पर्धेची आवड असेल तर कोडफोर्सेस या संकेतस्थळावरच्या फेऱ्या बऱ्याचदा आपल्या रात्री आठच्या सुमारास असतात. आयसीपीसी या कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेसाठी तिघांची टीम, एक संगणक आणि पाच तास असं गणित असतं. टीम सुट्टीतच जमवा, कारण कोणाचा कोड कोण वाचू शकतं हे कळायला वेळ लागतो.

कोणत्या वर्षाला आहात त्यानुसार

पहिलं वर्ष संपलं असेल तर वरचं सगळं अर्ध्या आकारात करा. फक्त पुस्तकांचा तक्ता आणि शोध, बाकी पुढच्या उन्हाळ्यात. डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना हाताने काम करायची सवय असते, गणित मात्र मागे राहिलेलं असतं. त्यांनी रोजच्या तासातला निम्मा वेळ डिस्क्रीट मॅथ्सला (तर्क, संच, आलेख यांच्या गणिताला) द्यावा. दुसरं वर्ष संपलेल्यांसाठी हा आराखडा जसाच्या तसा आहे. तिसरं वर्ष संपलेल्यांनी प्रोग्राम चार आठवड्यांत आटपावा. कॅम्पसच्या मुलाखती कॉलेज उघडल्यावर लगेच सुरू होतात, त्यामुळे शेवटचे दोन आठवडे ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस यांच्या उजळणीला लागतात.

ओपन सोर्स आणि आपली भाषा

पहिलं योगदान स्वतः वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्येच करा. आधी ते सोर्सवरून (मूळ कोडवरून) स्वतःच्या मशीनवर बांधून पाहा. हेच अनेकदा दोन दिवस घेतं, आणि बांधणीच्या सूचनांत काय राहून गेलंय ते तेव्हाच कळतं. ती दुरुस्ती हे चांगलं पहिलं योगदान. नुसते स्वल्पविराम बदलून ते स्वीकारण्याच्या विनंत्या पाठवू नका, त्या पाहण्यात सांभाळणाऱ्यांचा वेळ जातो.

कोड लिहायचा कंटाळा आला की त्या संध्याकाळी मराठीसाठी काहीतरी करा. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो आणि इतरांचे आवाज तपासता येतात. तो संग्रह कुणालाही मोफत वापरता येतो. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या गावातल्या वस्त्या, पाणंद रस्ते, दवाखाना मराठी नावांसह टाका. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करताना ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) देवनागरीत नेमका कुठे अडखळतो हे दिसतं, आणि तिथून पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टचा विषयही मिळू शकतो.

इंटर्नशिप: काय घ्यायचं, काय नाकारायचं

जी संस्था इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच पैसे मागते आणि बदल्यात प्रमाणपत्र देते, तिला नकार द्या. अभ्यासक्रमात श्रेयांक हवेत म्हणून अनेक जण असे पैसे भरतात. तिथे मिळणारं काम बहुधा सगळ्यांना सारखंच असतं आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते एका नजरेत ओळखू येतं.

त्याऐवजी पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना थेट ईमेल करा. ईमेल सहा-सात ओळींचं असावं: तुम्ही कोण, त्यांचं कोणतं उत्पादन तुम्ही पाहिलं, त्यात तुम्हाला काय दिसलं, तुमच्या प्रोग्रामचा दुवा, आणि कोणत्या तारखांना मोकळे आहात. रेझ्युमे सोबत. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. होकार आला तर तीन गोष्टी विचारा: माझा कोड कोण वाचेल, तो वापरात जाईल का, मानधन किती. पहिल्याचं उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर घरी वाचनालयाचं काम करणं जास्त फायद्याचं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तारखा आत्ताच वहीत लिहा

चांगल्या संधींचे अर्ज उन्हाळ्यात नसतात, त्या आधीच बंद होतात. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नची निवड बऱ्याच कॉलेजांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करतात. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरच्या स्पर्धेसाठी सहा जणांची टीम लागते, त्यात किमान एक मुलगी हवी, आणि आधी कॉलेजची अंतर्गत फेरी असते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज साधारण हिवाळ्याच्या सुमारास मागवले जातात. टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमाकडेही त्याच सुमारास लक्ष ठेवा.

गुगल समर ऑफ कोड या ओपन सोर्समधल्या कामाच्या कार्यक्रमात भाग घेणाऱ्या संस्थांची यादी फेब्रुवारीत येते आणि अर्ज मार्च-एप्रिलमध्ये. वय किमान १८ हवं. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट राहिलेली नाही. यादी आल्यावर संस्था शोधणारे मागे पडतात. जे सप्टेंबरपासून एखाद्या प्रकल्पाच्या चर्चेत आहेत आणि ज्यांचे दोन-तीन बदल आधीच स्वीकारले गेलेत, त्यांच्या प्रस्तावाकडे मार्गदर्शक आधी पाहतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी (शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा वापर वाढवणाऱ्या) प्रकल्पाच्या उन्हाळी फेलोशिपसाठी मुलाखतीऐवजी चाचणीचं काम दिलं जातं, म्हणून सुट्टीतल्या प्रोग्रामचा सराव तिथे थेट उपयोगी पडतो. ते काम उन्हाळ्याच्या आधी जाहीर होतं. परीक्षेच्या गडबडीत ते नजरेतून सुटू नये म्हणून फेब्रुवारीपासून दर आठवड्याला त्यांचं संकेतस्थळ पाहायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.